काकांचा आवाज अडवणारे इयरफोन

पुकारेकाकांचं खरं नाव आता फक्त कागदपत्रांवर उरलं आहे. फळांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारण्यात त्यांनी उभी हयात घालवली, तेव्हापासून सगळे त्यांना पुकारेकाका म्हणतात आणि त्यांच्या बायकोला पुकारेकाकू. काकूंनी जन्मात कधी कशाचा पुकारा केलेला नाही. त्या इतक्या हळू बोलतात की किराणा दुकानदार प्रत्येक जिन्नस दोनदा विचारून घेतो. पण लग्नात नवऱ्याबरोबर बऱ्याच गोष्टी पदरात पडतात, त्यातलंच हे एक.

लिलाव पुकारणं म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे, असं काका सांगतात, आणि ओरडूनच सांगतात. सफरचंदांच्या पेट्यांवर उभं राहायचं. खाली व्यापाऱ्यांची ही गर्दी, मागे ट्रकचे हॉर्न, मधून हातगाड्यांचा खडखडाट. त्या सगळ्यावरून आपला आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला पाहिजे, आणि त्या शेवटच्या माणसाने नुसती भुवई उडवली तरी त्याची बोली टिपता आली पाहिजे. बाजार समितीने त्यांना एकदा माइक आणून दिला होता. काकांनी तो सकाळभर वापरला. दुपारी समितीचेच लोक येऊन तो परत घेऊन गेले.

निवृत्त झाल्यावर बाजार सुटला, आवाज मात्र होता तसाच राहिला. घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यात भिंती पातळ. काका कुणाच्या कानात काही सांगायला लागले की समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाई हातातलं काम थांबवून ऐकतात. घरात कसलाही निर्णय व्हायचा असला, अगदी कोबी करायचा की बटाटा एवढाच, तरी काका "एक वार, दोन वार, तीन वार" म्हणून तो बटाट्याच्या बाजूने निकालात काढतात. शिवाय जगाबद्दल त्यांची एक कायमची तक्रार होती. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. टीव्हीवर बातम्या देणारे पुटपुटतात, दाराच्या बेलला पूर्वीचा दम राहिलेला नाही, आणि फोनवर बोलणारे तर घशात कापूस कोंबून बोलतात. नवी पिढीच मुळात पोचट, असा त्यांचा ठाम निष्कर्ष होता.

काकू लग्नाआधी एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. वकीलसाहेब खोलीभर फेऱ्या मारत मजकूर सांगायचे आणि काकूंची बोटं चालत राहायची. ऐकलेलं मनात शिरूच द्यायचं नाही, ही त्यांची पद्धत. कानातून निघालं की थेट बोटांत. अर्थ लावत बसलं की हात अडखळतो, असं त्या म्हणत. पुढे संसार आला, लेक आली, लेक मोठी होऊन दूरच्या शहरात नोकरीला गेली. मग एके दिवशी काकूंनी लेकीचा जुना कॉम्प्युटर पुसून खिडकीपाशी मांडला आणि पुन्हा काम धरलं. एक ऑफिस त्यांना बैठकांची, भाषणांची, चौकशांची रेकॉर्डिंग पाठवायचं. काकूंनी ती ऐकायची आणि शब्दन् शब्द टाइप करून परत धाडायची. पहिलं काम पोचतं झालं त्या दिवशी काकू भांडी घासताना गात होत्या म्हणे. हे काकांना समोरच्या गॅलरीतल्या बाईंनी सांगितलं. काकांनी स्वतः फक्त काकूंचा चेहरा पाहिला, आणि तेवढ्यानेही त्यांना फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत बायकोच्या वाट्याला तिचं स्वतःचं असं काही आलं नव्हतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

पण घोळ झालाच. काकूंच्या बोटांना रेकॉर्डिंगमधला आवाज कुठला आणि घरातला कुठला हे कळत नव्हतं. कानावर पडेल ते कागदावर. पुलाच्या दुरुस्तीबद्दल कुठलीशी बैठक झाली होती, तिचा मजकूर असा गेला: "कठड्याचं काम तातडीने हाती घ्यावं, अगं माझा चष्मा कुठे ठेवलास, असा ठराव सर्वानुमते संमत झाला." ऑफिसात मजकूर तपासणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी फोन करून चष्मा सापडला का म्हणून विचारलं आणि मनापासून हसल्या. पुढच्या खेपेला एका मुख्याध्यापकांची शोकसभा होती. त्यात "सरांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी" याच्या पुढे "एक वार, दोन वार, तीन वार" असं उमटलं. या वेळी तपासणाऱ्या बाई हसल्या नाहीत. काम सुरेख आहे, त्या म्हणाल्या, हात स्वच्छ आहे, पण घरातला माणूस मजकुरात आणखी एकदा आला तर मला काम थांबवावं लागेल. आता एका कारखान्यातल्या चौकशीचं मोठं रेकॉर्डिंग येणार होतं. ते निर्मळ उतरलं तर काकूंना कायमचं काम, नाही तर तिथेच पूर्णविराम.

काकूंनी हे संध्याकाळी चहा पिताना काकांना सांगितलं, समोर बसून, नेहमीपेक्षा सावकाश. वर म्हणाल्या की चूक माझ्या बोटांची आहे, तुमची नाही. तुम्ही तुमच्या घरात बोलायचं नाही तर कुठे? काकांना हे बोलणं शिव्यांपेक्षा लागलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गप्प राहायचं ठरवलं. सकाळ बरी गेली. मग लेकीचा फोन आला, आणि लेक इतक्या लांब असताना तिच्याशी हळू बोलायचं म्हणजे काय, हे काकांच्या डोक्यातच शिरेना. मग ते बागेत जाऊन बसू लागले. तिथे एका जुन्या व्यापाऱ्याची गाठ पडली, भाव निघाले, आणि बागेसमोरच्या वाचनालयातून एक गृहस्थ हात जोडून आले. घरी पुटपुटायचा सराव केला तेव्हा खालच्या मजल्यावरून कुणी तरी "वरती सगळं ठीक आहे ना?" म्हणून विचारायला आलं. शेवटी लेकीनेच उपाय सुचवला. बाबा, आईला आवाज अडवणारे इयरफोन घेऊन द्या. हल्ली असे मिळतात, कानात घातले की जग बंद.

काकांना ही कल्पना अशी आवडली की विचारता सोय नाही. बायकोसाठी काही तरी करण्याची संधी आणि तीही न बोलता! ते तडक चौकातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात गेले. तिथे गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक हसरी मुलगी होती. काकांनी आपली गरज सांगितली तेव्हा दुकानातल्या सगळ्यांनाच ती कळली. मुलीने एक जोडी काढून दिली. काकांनी ती कानात घातली, दुकानाच्या दारात जाऊन उभे राहिले, समोरून जाणाऱ्या दोन बसगाड्या पाहिल्या आणि खूश होऊन परत आले. काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं. मुलगी हातवारे करत काही सांगत होती. ती आपल्या निवडीचं कौतुक करते आहे असं समजून काकांनी तिला अंगठा दाखवला आणि जोडी बांधून घेतली.

घरी काकूंनी ती लावली आणि काकांनी विचारलं, "ऐकू येतंय?" काकूंनी मान डोलावली. चांगलं ऐकू येत होतं.

काकांनी ती जोडी बदलून दुसरी आणली, कानांवर वाट्यांसारखी बसणारी, भारी. ही त्यांनी दुकानात गाणी लावलेल्या स्पीकरखाली उभं राहून पारखली होती. पुन्हा तीच शांतता. बाजारात असं काही असतं तर पेट्यांवर उभ्या उभ्या झोप काढली असती, असं त्यांनी मुलीला सांगितलंही. काकूंनी ती डोक्यावर चढवली. पंख्याची घरघर गेली. लिफ्टचा आवाज गेला, शेजारच्यांचं वॉशिंग मशीन गेलं. काकूंचे डोळे आनंदाने मोठे झाले. तेवढ्यात काका म्हणाले, "आता?"

"आता तुम्ही आणखीच स्पष्ट ऐकू येताय," काकू म्हणाल्या. "मधलं सगळं निघून गेलं, तुम्ही तेवढे उरलात."

मग मात्र दोघं मिळून दुकानात गेले. मुलीने आधी सगळं समजावून सांगितलं. हे जे यंत्र असतं ना काकू, ते एकसारख्या घरघरीला ओळखतं आणि पुसून टाकतं. माणसाचं बोलणं खाली-वर होत असतं, ते त्याला तितकं सापडत नाही. त्याला अडवायचं तर कानाचं भोकच नीट बुजायला हवं, म्हणजे आपल्या मापाचं रबर पाहिजे. मग तिने विचारलं की नेमका कुठला आवाज अडवायचा आहे. काकूंनी न बोलता काकांकडे बोट केलं.

काकांची छाती उगाचच फुगली. मुलीने त्यांना टीव्हींच्या रांगेपाशी उभं केलं आणि रोज बोलता तसं बोला म्हणाली. रोज बोलता तसं म्हटल्यावर काकांनी सरळ लिलावच पुकारायला घेतला. आधी संत्री, मग सफरचंदं. काकू एकेक रबर लावून बघत होत्या आणि नकारार्थी मान हलवत होत्या. प्रत्येक नकारासरशी काकांना चढत होतं. आपल्याला अडवणारं रबर अजून निघायचंय, असा काहीसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर दिसू लागला. आपण इथे कशासाठी आलो आहोत याचा त्यांना साफ विसर पडला होता. दुकानात घोळका जमला. मागच्या एका गृहस्थांनी तर हात वर करून एका टीव्हीवर बोलीही लावली. शेवटी मुलीने सगळ्यांत मोठं रबर चढवून दिलं, आणि काकूंची मान हलायची थांबली. त्या काकांच्या हलणाऱ्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

पण मोठं रबर टोचत होतं. थोड्या वेळात काकूंचा कान लाल झाला. दिवसभर कामाला मधलंच रबर बरं, मुलगी म्हणाली, फक्त काकांनी जरा हळू बोलायला हवं. मग तिला आपलं राहवेना म्हणून तिने विचारलं की आधीच्या दोन्ही जोड्या काकांनी इथे पारखून नेल्या होत्या, त्या पसंत कशा पडल्या? त्यात काय, काका म्हणाले, आणि कानांवरच्या वाट्या पुन्हा चढवून स्पीकरखाली जाऊन उभे राहिले. डोळे मिटले. मान डोलावली. मग वाट्या काढून विजयी मुद्रेने म्हणाले, "बघ. सगळं बंद."

मुलीने काकूंकडे पाहिलं, मग काकांच्या अगदी समोर येऊन ती म्हणाली, "काका, ते यंत्र मी चालू केलेलंच नव्हतं. त्या दिवशीही तुम्हाला हेच सांगत होते."

"मग तू गाणं बंद केलं असशील."

"गाणं चालू आहे, काका," मुलगी म्हणाली. "आत्तासुद्धा चालू आहे."

काकांनी वर स्पीकरकडे पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं. काकूंचा हात तोंडावर गेला होता. त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक गोष्ट सरकत असावी: दम नसलेली बेल, पुटपुटणारे बातमीदार, आत येऊन दोनदा सांगावी लागणारी साधीसुधी वाक्यं. इतकी वर्षं त्यांना वाटायचं की नवरे असतातच असे, ऐकत नाहीत. त्यात काळजी करण्यासारखं काही असेल हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

मधल्या रबराची जोडी घेऊन दोघं घरी आले. काकांना फार लागलं होतं. बाजारात त्यांच्या तोडीचा कान नाही असं लोक म्हणायचे, आणि त्यांनाही ते खरं वाटायचं. आता गॅलरीत बसून त्यांनी जुने लिलाव आठवून पाहिले तेव्हा त्यांना दिसल्या त्या उडालेल्या भुवया, वर झालेली बोटं, हललेले ओठ. ऐकलेलं काही आठवेचना. कान कधीच काम सोडून गेले होते आणि डोळे बिचारे दोघांचं काम ओढत होते. काकूंनी कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं तेव्हा काका म्हणाले की ती म्हातारपणाची यंत्रं मी लावणार नाही. ती गोष्ट त्यांनी तिथेच निकालात काढली.

कारखान्याच्या चौकशीचं रेकॉर्डिंग आलं होतं, आणि रुसलेले काका गप्प होते तोवर काकूंचं काम झकास पुढे सरकलं. पण रुसवा कितीही ताणला तरी जेवणाच्या वेळी मोडतोच. काकांनी तोंड उघडलं आणि मधल्या रबरातून शब्द आत गेला. काकूंनी तो पुसला. संध्याकाळी आणखी एक गेला. काकूंनी तोही पुसला, पण आता त्यांचा चेहरा उतरला होता. काका जवळ जाऊन बसले. त्यांनी आवाज खाली घेतला आणि विचारलं, आता हळू आहे? काकूंनी नकारार्थी मान हलवली. आणखी खाली घेतला. आता? काकूंनी पुन्हा मान हलवली, जरा अजीजीने. काका घसा दाबून धरून बोलून पाहत होते, पण आवाज वर जातोय की खाली येतोय हे त्यांचं त्यांनाच समजत नव्हतं. अंधारात पायऱ्या उतरल्यासारखं होत होतं. आवाज हळू करायचा तर आधी तो स्वतःला ऐकू आला पाहिजे, ही साधी गोष्ट त्यांना तेव्हा कळली. ते उठून चपला घालू लागले. काकूंनी कुठे निघालात विचारलं असावं. कानाच्या डॉक्टरकडे, काका म्हणाले, तूही चल.

तपासणीत दोन्ही कान बरेच गेलेले निघाले. तिथल्या माणसाने नमुन्याची दोन छोटी यंत्रं काकांच्या कानांमागे बसवली, काही बटणं फिरवली आणि आता काही तरी बोला म्हणाला.

"काय बोलू?" काका म्हणाले आणि दचकून मागे वळले. "कोण ओरडलं?"

मागे कोणी नव्हतं. भिंतीवर कानाच्या आतल्या भागाचं चित्र होतं, तेवढंच. मग काकांनी अगदी बारीक आवाजात काकूंना विचारलं, "मी रोज असा बोलतो?"

"नाही हो," काकू म्हणाल्या. "आज जरा हळूच होता."

त्या संध्याकाळी ती यंत्रं लावूनच काका निघाले आणि रस्त्याने दर चार पावलांना थांबत होते. आपल्या चपला वाजतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. खिशातल्या किल्ल्या वाजतात, झाडं वाजतात, काकूंच्या हातातली पिशवीसुद्धा वाजते. घरी आल्यावर त्यांनी दाराची बेल वाजवून पाहिली आणि तिची मनातल्या मनात माफी मागितली. बातम्यांचा आवाज इतका कमी केला की समोरच्या बाई गॅलरीत येऊन चौकशी करून गेल्या, काकांची तब्येत बरी आहे ना? बरी आहे, काका म्हणाले. बाईंना ते ऐकू गेलं नाही.

चौकशीचा मजकूर पाठवायचा दिवस आला. काकू सकाळपासून मधलं रबर घालून खिडकीपाशी बसल्या होत्या. काका आतल्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले. पानं उलटतानाही ते जपत होते. बाहेरून बटणांचा टकटक आवाज येत होता. हा आवाज घरात कधीपासून होता आणि त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. ऐकत बसावंसं वाटण्याजोगा तो होता, कारण काकू त्यात कुठेच अडखळत नव्हत्या. ही बाई आपल्या कामात किती तरबेज आहे, काकांना वाटलं, आणि आपण तिच्या कामात चष्मे आणि बटाटे टाकत होतो.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "हो."

हाक मारली असेल म्हणून काका उठून दारापर्यंत गेले. काय गं, त्यांनी विचारलं. काकूंना ते ऐकू गेलं नाही. त्या पडद्याकडे बघत टाइप करत होत्या. काका परत येऊन बसले. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, "हं. हो का." मग जरा थांबून, "ऐकतेय मी."

काकांना वाटलं, रेकॉर्डिंगमधल्या माणसाशी बोलत असेल. पण सूर तसा नव्हता. हा घरातल्या माणसाशी बोलण्याचा सूर होता, हातातलं काम न सोडता दिलेला. आणि सकाळपासून काका तर एक शब्दही बोलले नव्हते. ते वर्तमानपत्र मांडीवर ठेवून ऐकत राहिले. पुन्हा, "हो. ऐकतेय."

हळूहळू काकांच्या लक्षात आलं. ती आपल्यालाच उत्तर देते आहे. संसारभर ते एका खोलीतून बोलायचे, काकू दुसऱ्या खोलीत काही करत असायच्या, आणि उत्तर यायचं नाही. मग ते आणखी मोठ्यांदा बोलायचे. तरी नाही, मग आणखी मोठ्यांदा. घरात आपलं कोणी ऐकत नाही असा एक बारीक सल त्यांनी कित्येक वर्षं मनात बाळगला होता, आणि उत्तर तर प्रत्येक वेळी येत होतं. तिला हळूच बोलता येतं, एवढंच. आता ती सवय तिच्या अंगात इतकी मुरली होती की काका गप्प असले तरी मधूनमधून ती हो म्हणत होती. काकांना हसूही येत होतं आणि लाजही वाटत होती.

मग एकदम त्यांना आठवलं. बोटं!

ते लगबगीने बाहेर गेले आणि काकूंच्या खांद्यावरून पडद्यावर वाकले. भीती खरी ठरली. "त्या दिवशी यंत्र बंद ठेवण्याची सूचना मी दिली होती. हो, ऐकतेय. ती सूचना कामगारांपर्यंत पोचली नाही. हो का." कान बुजले की आपलाच आवाज डोक्यात घुमतो. काकूंना तो आपला आहे हे कळत नव्हतं, आणि बोटांना तर कधी काहीच कळत नसे. घरातला माणूस पुन्हा मजकुरात आला होता, फक्त या वेळी तो वेगळा होता.

काकांनी खांद्यावर हात ठेवला. काकूंनी इयरफोन काढले. काकांनी बोटाने ती ओळ दाखवली. काकू चकित झाल्या. चौकशीत हे कोण म्हणालं, म्हणून त्यांनी रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा ऐकलं. कोणीच म्हणालं नव्हतं.

"तू म्हणालीस," काका म्हणाले.

काकूंनी साफ नाकारलं. काम करताना मी तोंड उघडत नाही, वकीलसाहेब असताना पण उघडत नव्हते. काकांनी वाद घातला नाही. तू पुन्हा कामाला बस, ते म्हणाले, आणि तू बोललीस की मी हात वर करतो. काकूंनी इयरफोन घातले. थोड्याच वेळात काकांचा हात वर गेला. आणखी थोड्या वेळाने पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला काकूंनी टाइप करायचं थांबवून ओंजळीत तोंड लपवलं. त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.

मग दोघं कामाला लागले. काकू रेकॉर्डिंग ऐकत पुढे जात होत्या आणि काका एकेका ओळीवर बोट ठेवत होते. बाजारात भुवया टिपलेल्या त्या डोळ्यांतून एकही "हो" सुटला नाही. संध्याकाळ व्हायच्या आत मजकूर धुतल्यासारखा स्वच्छ झाला आणि काकूंनी तो पाठवून दिला. त्या रात्री काकूंना जेवण गेलं नाही. काकांनाही गेलं नाही.

सकाळी तपासणाऱ्या बाईंचा फोन आला. काकांनी तो दुसऱ्या खोलीत बसून ऐकला, फोनमधल्या बाईंचं बोलणंसुद्धा, आणि ते ऐकू आल्याचंच त्यांना निम्मं समाधान झालं. मजकुरात एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. पुढचं काम दुपारी येत होतं आणि इथून पुढे येतच राहणार होतं. काकूंनी फोन ठेवला, खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसत्या बघत राहिल्या. काकांनी त्यांच्यापुढे चहा आणून ठेवला.

चहा संपल्यावर काकू इयरफोन हातात घेऊन म्हणाल्या की आता मात्र कामाला बसताना मी ओठ घट्ट मिटून बसणार आहे. हवं तर तोंडात लवंग धरेन. पुन्हा असं व्हायला नको.

"नको गं," काका म्हणाले. त्यांचा आवाज टेबलाच्या पलीकडेही जात नव्हता. "कागदावरून रोज काढून टाकू आपण, मी बसतो ना बरोबर. पण तू म्हणत जा. मला आत्ता कुठे ऐकू यायला लागलंय."